बाण बरोबर लागतो, तरी बॉल परत येत नाही: डीप लाइनवरच्या नेमाची तक्रार आणि उपाय

टेनपिन बोलिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या गेमला ही तक्रार हमखास कानावर येते. पहिला गेम छान गेलेला असतो. मग बॉल लवकर वळून हेडपिनच्या, म्हणजे सगळ्यात पुढच्या पिनच्या, नाकावर बसायला लागतो. आपण दोन बोर्ड (लेनच्या लांबीत बसवलेल्या अरुंद पट्ट्या) डावीकडे सरकतो, पुन्हा दोन, पुन्हा दोन. बॉल ठेवायची जागा विसाव्या बोर्डच्या पलीकडे गेली की सगळा ताल बिघडतो. एक बॉल झकास वळून पॉकेटमध्ये, म्हणजे हेडपिन आणि तिच्या उजवीकडच्या पिनच्या मधल्या फटीत, घुसतो. पुढचा त्याच बाणावरून (लेनवरची नेमाची खूण) जातो आणि उजवीकडे गेला तो गेलाच, परतायचं नाव घेत नाही. तिसरा हेडपिन ओलांडून पलीकडच्या बाजूला. खेळणारा वैतागून म्हणतो, "पण बाण तर बरोबर लागला होता!"

बाण लागलेलाच असतो. त्याचं म्हणणं खरं आहे आणि दुखणंही नेमकं तिथेच आहे. जवळजवळ सरळ लाइनवर बाण लागला की काम भागतं. डीप लाइनवर, म्हणजे इतक्या आतून बाहेरच्या कडेकडे टाकलेल्या बॉलच्या वाटेवर, भागत नाही, कारण तिथे बॉल तिरका जातो आणि तिरकी रेषा एका बिंदूने ठरत नाही. दुसरा बिंदू आपल्या बुटापाशी असतो, आणि तिकडे कोणी बघत नाही.

मी उजव्या हाताने खेळते, त्यामुळे खालचे सगळे आकडे उजव्या गटरपासून मोजलेले आहेत. डावखुऱ्यांनी डावीकडून मोजावं, बाकी काही बदलत नाही.

आकड्यांत बघू

लेनवर ३९ बोर्ड. प्रत्येक बोर्ड एका इंचाहून किंचित रुंद. फाउल लाइनपासून, म्हणजे जिच्यापुढे पाय टाकायचा नसतो त्या रेघेपासून, हेडपिन ६० फुटांवर, २० व्या बोर्डवर. बाण सात, दर पाच बोर्डांवर एक, आणि ते आडव्या रांगेत नसून टोकदार रचनेत असतात: कडेचे बाण फाउल लाइनला जवळ, मधला सगळ्यात लांब. मधल्या भागातलं अंतर हिशेबापुरतं १५ फूट धरू. बॉल जिथे वळायला लागतो तो ब्रेकपॉइंट ४५ फुटांवर धरू. बॉल खरं तर त्याआधीच थोडा वाकायला लागतो, म्हणून हा अंदाज आहे. पण दोन बॉलमधला फरक समजायला तो पुरतो.

समजा बॉल २४ वर ठेवला आणि १८ वरून, म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या बाणाच्या मधून, नेला. पंधरा फुटांत तो सहा बोर्ड उजवीकडे गेला. पंचेचाळीस फुटांत तिप्पट, म्हणजे अठरा. चोवीसमधून अठरा गेले, ब्रेकपॉइंट ६.

आता बाण तोच ठेवा, १८. फक्त स्लाइड, म्हणजे शेवटच्या पावलाची घसरण, दोन बोर्ड डावीकडे गेली आणि बॉल २६ वर टेकला. पंधरा फुटांत आठ, पंचेचाळीसमध्ये चोवीस. ब्रेकपॉइंट २. तो बॉल गटरच्या काठावर चालतोय, त्याला परतायला जागाच उरली नाही. उलट स्लाइड दोन बोर्ड उजवीकडे आली, बॉल २२ वर टेकला, तर ब्रेकपॉइंट १०, आणि लेन थोडी सुकलेली असेल तर तो नाकावर जातो.

तीनही वेळा बाण बिनचूक लागला. बॉल मात्र २ वर, ६ वर आणि १० वर.

डोक्यात ठेवायला सोपं सूत्र असं: बाणाच्या बोर्डची तिप्पट करा, त्यातून बॉल ठेवलेल्या बोर्डची दुप्पट वजा करा. अठरा त्रिक चोपन्न, वजा अठ्ठेचाळीस, उरले सहा. यातून एक गोष्ट लगेच दिसते. बाण एका बोर्डने चुकला तर ब्रेकपॉइंट तीन बोर्डांनी हलतो, पाय एका बोर्डने चुकला तर दोन बोर्डांनी. पायाची चूक बाणाच्या चुकीपेक्षा फार लहान नाही, पण आपण सगळं लक्ष बाणावर खर्च करतो.

मुळात आत सरकावं का लागतं

हे थोडक्यात, कारण बहुतेकांना माहीत आहे. लेनच्या साधारण पहिल्या ४० फुटांवर ऑइल असतं, सगळं मिळून २०-३० मिलिलीटर, म्हणजे औषधाच्या बाटलीची दोन टोपणं. नेहमीच्या लेनवर ते मध्ये जास्त आणि कडेला कमी असतं. सगळे एकाच पट्ट्यातून बॉल टाकत राहिले की तो पट्टा सुकतो, बॉल लवकर पकड घेतो आणि लवकर वळतो. मग आपण ऑइल असेल तिकडे, म्हणजे आत, सरकतो.

आणि वळण हवंच असतं. अमेरिकेतल्या युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेसच्या चाचण्यांमध्ये पॉकेटच्या साडेसतराव्या बोर्डवर सुमारे ६ अंशांच्या कोनात शिरलेल्या बॉलला सर्वांत जास्त स्ट्राइक मिळाले. अगदी उजव्या कडेवरून सरळ बॉल टाकला तरी पॉकेटशी कोन दीड अंशाच्या आसपास होतो. म्हणजे वळणाशिवाय गत्यंतर नाही, आणि लेन सुकत गेली की वळणासाठी जागा आतूनच काढावी लागते.

दोन-एकचा हिशेब कुठे फसतो

"पाय दोन, बाण एक" हे आपण सगळे शिकलेलो असतो. बॉल नाकावर गेला की पाय दोन बोर्ड डावीकडे, नजर एक बोर्ड डावीकडे. नियम चांगला आहे. पण प्रत्येक दोन-एकला ब्रेकपॉइंट एका बोर्डने बाहेर जातो, हे कोणी सांगत नाही.

सूत्र लावून बघा. बॉल १४ वर, बाण १२: ब्रेकपॉइंट ८. एकदा सरकलात, १६ आणि १३: ब्रेकपॉइंट ७. पाच वेळा सरकलात की २४ आणि १७: ब्रेकपॉइंट ३. तुम्ही फक्त आत सरकत होतात, पण बॉल गुपचूप बाहेरही सरकत होता. तिसऱ्या बोर्डवरून एखादा बॉल परत येईलही. मात्र तिथे चुकीला जागा अजिबात नाही. हात किंचित जरी बाहेर गेला तरी खेळ संपला.

यावरचा उपाय मला फार उपयोगी पडला. सुरुवातीला एक-दोनदा दोन-एक करा. त्यानंतर "पाय तीन, बाण दोन" सुरू करा. त्यात ब्रेकपॉइंट हलत नाही. १८ आणि १४ चा ब्रेकपॉइंट ६, २१ आणि १६ चा ६, २४ आणि १८ चाही ६. कोन हळूहळू वाढतो, पण बॉल वळायला त्याच भागात पोहोचतो. ऑइलच्या लांबीतून ३१ वजा करून बाहेर पडायचा बोर्ड काढायची जुनी पद्धत आहे, तिच्याशीही हे जुळतं: ४० फुटांच्या ऑइलला ९ वा बोर्ड येतो, आणि २४-१८ ची लाइन ४० फुटांवर ८ वर असते.

ही पद्धत म्हणजे दगडावरची रेघ नाही. कडेला अजून कोरडा भाग असेल, बॉल तिथून जोरात परतत असेल, तर दोन-एकच करावं. पण "अचानक नेम गेला" असं वाटतं तेव्हा गेल्या चार-पाच बदलांची बेरीज करून बघा. पुष्कळदा नेम गेलेला नसतो. आपणच स्वतःला ब्रेकपॉइंट २ वर नेऊन उभं केलेलं असतं.

पाय

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझं स्वतःचं दुखणं इथे होतं आणि वर्षभर मी हाताला दोष देत होते. मनगट वाकडं, अंगठा अडकतो, सोडायला उशीर होतो, सगळं करून झालं. मग एका सरावात फोन ॲप्रोचच्या, म्हणजे फाउल लाइनआधीच्या चालायच्या जागेच्या, मागे जमिनीलगत ठेवून दहा बॉल टाकले. लाइन ठरलेली: ३३ वर उभं राहायचं, ३१ वर थांबायचं, बॉल २४ वर, बाण १८. व्हिडिओ थांबवून थांबवून बोर्ड मोजले. दहापैकी आठ बॉल १७ ते १९ च्या मधून गेले होते. हात ठीक होता. बूट मात्र २९ पासून ३४ पर्यंत कुठेही थांबत होता. पाच बोर्डांचा फरक. तो ब्रेकपॉइंटवर दहा बोर्डांचा होतो. नेम हरवला असं वाटणार नाही तर काय!

पाय सरकण्याची कारणं मला तीन दिसली.

पहिलं, पाय नजरेमागे जातात. डोळे पिनांकडे लागले की पावलं पिनांकडे वळतात, म्हणजे उजवीकडे. पुढच्या वेळी आपण घाबरून डावीकडे चालतो.

दुसरं, बॉल रिटर्न, म्हणजे टाकलेला बॉल परत येतो तो स्टँड. जोडीतल्या उजव्या लेनवर तो आपल्या डाव्या हाताला असतो. पस्तिसाव्या बोर्डच्या आसपास उभं राहिलं की तो अंगाला खेटल्यासारखा वाटतो आणि पहिलं पाऊल आपोआप त्याच्यापासून लांब पडतं. डाव्या लेनवर हा त्रास नसतो. तुमची तक्रार एकाच लेनवर जास्त असेल तर आधी हे तपासा. त्या लेनवर अर्धं पाऊल पुढून सुरुवात करा, पावलं तेवढी आखूड घ्या, म्हणजे त्याच्या शेजारून चालावं लागत नाही.

तिसरं, बॉलला झुलायला जागा मिळत नाही. बॉल पुढे ढकलताना पडणारं उजवं पाऊल डाव्या पावलाच्या बरोबर पुढे, एका रेषेत पडलं पाहिजे. चार पावलांच्या चालीत ते पहिलं, पाच पावलांच्या चालीत दुसरं. ते उजवीकडे फाकलं तर बॉल मांडीला लागू नये म्हणून एक तर हात बाहेरून फिरवावा लागतो, नाही तर अंग डावीकडे न्यावं लागतं. दोन्हींत बुटाची जागा बदलते.

चाल अगदी सरळ रेषेत हवीच असं नाही. उत्तम खेळाडूंचेही पाय दोन-चार बोर्ड सरकतात. मात्र रोज तेवढेच सरकतात. म्हणून सरावात बॉल न घेता आधी दहा वेळा चाला, थांबा, खाली बघा. मग बॉल घेऊन. आणि खेळताना, बॉल सोडल्यावर, तोल सांभाळून तसेच उभे राहा. बॉल पिनांपर्यंत पोहोचायला सव्वादोन-अडीच सेकंद लागतात, पाय न हलवता शेवट बघा आणि मग बुटाकडे नजर टाका. ही एवढी एक सवय लावलीत तरी निम्मं काम झालं. बहुतेक जण बॉल सुटताच वळून चालायला लागतात आणि सगळ्यात मोलाची माहिती तिथेच टाकून येतात.

बुटापासून बॉल टेकण्याच्या जागेपर्यंतचं अंतर प्रत्येकाचं वेगळं असतं, साधारण ६ ते ८ बोर्ड. माझं सात आहे. मागून कोणाला तरी बघायला सांगून तुमचं एकदा पक्कं करून घ्या, म्हणजे बूट कुठे आहे यावरून बॉल कुठे टेकला ते कळतं.

डोळे आणि खांदे

डीप लाइनवर मन विश्वास ठेवत नाही, ही खरी अडचण आहे. २४ वरून १८ वर जाणारी रेषा तशीच पुढे पिनांपर्यंत ओढली तर ती दहा नंबरच्या, म्हणजे मागच्या रांगेतल्या सगळ्यात उजव्या, पिनच्याही उजवीकडे, थेट लेनच्या काठावर जाते. दहा नंबरची पिन तिसऱ्या बोर्डवर असते, ही रेषा तिच्याही बाहेर. म्हणजे तुम्ही स्वतःला गटरकडे बॉल टाकायला सांगताय. शेवटच्या पावलाला मन माघार घेतं, उजवा खांदा पुढे येतो, हात अंगावर ओढला जातो आणि बॉल १८ ऐवजी २० वरून जातो. ब्रेकपॉइंट १२. नाकावर. मग पुढच्या बॉलला तुम्ही मुद्दाम बाहेर ढकलता, हात अंगापासून सुटतो, आणि बॉल परतत नाही. एक आत, एक बाहेर, या हिंदकळण्याचं मूळ बहुतेक वेळा या अविश्वासात असतं.

माझी रीत अशी. उभी राहिले की आधी बाणापाशी १८ वर बघते. तिथून नजर सावकाश पुढे ब्रेकपॉइंटपर्यंत नेते. काही लेनवर ४० फुटांच्या आसपास खुणा असतात, त्या असल्या तर फारच सोपं जातं. मग नजर परत १८ वर आणते आणि बॉल तिथून जाईपर्यंत हलवत नाही. पिनांकडे बघतच नाही. काहींना जवळ बघणं मानवत नाही, ते थेट तीस-पस्तीस फुटांवरच्या जागेवर नजर ठेवतात. तेही चालतं. पण एका गेममध्ये एकच पद्धत ठेवा. दर फ्रेमला नजरेची जागा बदलली तर चूक कशामुळे झाली हे कधीच कळणार नाही.

खांदे उघडायचे म्हणजे किती? लोक फार उघडतात. पंधरा फुटांत सहा बोर्ड म्हणजे जेमतेम २ अंश. उभं राहताना उजवा खांदा डाव्याच्या अर्धा-पाऊण इंच मागे असला की तेवढा कोन झाला. आरशासमोर बघितलंत तर डोळ्याला दिसणारही नाही. खांद्यांबरोबर कंबरही तेवढीच वळवा. फक्त खांदे वळवले तर झोका पुढे येताना ते पुन्हा पिनांकडे मिटतात.

नेमाचा दोष नसतो तेव्हा

बूट जागेवर, बाण बरोबर, ब्रेकपॉइंट बरोबर, बॉल पॉकेटमध्येही गेला, तरी दहा नंबरची पिन उभीच. अशा वेळी तिच्या लगत पुढच्या रांगेत असलेल्या सहा नंबरच्या पिनकडे बघा. ती वेगाने उडून दहाच्या बाजूने किंवा वरून निघून गेली तर कोन किंचित बदलून बघण्यासारखा आहे. ती मरगळल्यासारखी गटरमध्ये पडली तर बॉलची ताकद पिनांआधीच संपलेली होती. डीप लाइनवर बॉल जास्त लांबचा पल्ला तिरका कापतो, त्यात फार खरखरीत पृष्ठभागाचा बॉल आधीच पकड घेऊन दमतो. इथे पाय हलवून काही मिळणार नाही. अधिक चकचकीत, उशिरा पकड घेणारा बॉल काढा. मी अशा वेळी आणखी आत सरकत राहायचे आणि चांगली बसलेली लाइन हातची घालवायचे.

दुसरी जागा म्हणजे वेग. नेम धरायच्या नादात आपण बॉल जपून सोडतो. पडद्यावर वेग दिसत असेल तर पहिल्या गेमचा आकडा लक्षात ठेवा. तो ताशी २७ किलोमीटर होता आणि आता २५ दिसतोय, तर बॉल लवकर वळण्याचं कारण लेन नाही, तुम्ही आहात. आधी वेग परत आणा, मग सरकायचं की नाही ते ठरवा.

आणि प्रत्येकाने इतकं आत जायलाच हवं, असं अजिबात नाही. बॉलला फिरकी कमी असेल तर २४-१८ ची लाइन तुमच्यासाठी नाहीच, तिथून बॉल परतणार नाही. ऑस्ट्रेलियाचा जेसन बेलमॉन्टे दोन्ही हातांनी बॉल टाकतो आणि त्याच्या बॉलला भरपूर फिरकी असते, म्हणून त्याला ते कोन परवडतात. दुसऱ्या टोकाला वॉल्टर रे विल्यम्स ज्युनिअर आहे. त्याने बऱ्यापैकी सरळ लाइन खेळत व्यावसायिक दौऱ्यावर ४७ विजेतेपदं मिळवली. फिरकी कमी असणाऱ्याने आत सरकण्यापेक्षा कमी वळणारा बॉल लवकर हातात घ्यावा आणि बाहेरच्या लाइनवर राहावं. नेम आपोआप सुधारतो.

वहीतले तीन आकडे

सरावाला एक छोटी वही ठेवा. प्रत्येक बॉलला तीन आकडे: बूट, बाण, ब्रेकपॉइंट. किती पिना पडल्या ते लिहू नका, त्याने लक्ष भरकटतं. ब्रेकपॉइंट मागे उभ्या असलेल्या जोडीदाराला सांगायला सांगा. तुम्ही आकडा बोलून दाखवायच्या आधी त्याने सांगायचा नाही, म्हणजे तुमची नजरही तयार होते.

माझ्या वहीतलं एक पान असं आहे: ३१-१८-६. ३१-१८-६. ३३-१८-२. ३१-१७-३. ३१-१८-७. २९-१८-१०.

तिसऱ्या आणि सहाव्या ओळीत दोष पायाचा आहे. चौथ्या ओळीत बाणाचा. पाचव्या ओळीतला एक बोर्ड सोडून द्यायचा, तेवढं लेन सांभाळून घेते. पान भरलं की दोन रकाने मोजा: पायाच्या चुका किती, बाणाच्या किती. पायाच्या जास्त असतील तर पुढच्या सरावात बाणाकडे लक्षच देऊ नका, फक्त बूट ३१ वर थांबवा. बाणाच्या जास्त असतील तर खांदा आणि नजर तपासा. बूट आणि बाण दोन्ही बरोबर येऊन ब्रेकपॉइंट सूत्राशी जुळत नसेल, तर बुटापासून बॉलपर्यंतचं अंतर पुन्हा मोजून घ्या. डीप लाइनवर हात बाहेर जायला लागला की माझ्या सातचे नऊ होतात, आणि ते फोनच्या व्हिडिओशिवाय मला कधीच दिसत नाही.